लिंकला भाव आला तेव्हा

वेबच्या रचनेत पहिल्या दिवसापासून एक आंधळी बाजू आहे. कोणतंही पान उघडा, त्यावरून बाहेर कुठे कुठे जाता येतं ते लगेच दिसतं. पण आपल्याकडे कोण कोण बोट दाखवतंय याचा त्या पानाला पत्ताच नसतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेब उभारलं तेव्हा लिंक एकतर्फीच ठेवली. दुतर्फी ठेवली असती तर दर वेळी समोरच्याला विचारा, दोन्हीकडे नोंद करा, एक पान हललं की दुसरं दुरुस्त करा, असा सगळा कारभार मागे लागला असता आणि वेब त्या वेगाने पसरलंच नसतं. एकतर्फी लिंकमुळे कुणीही कुणाकडेही बोट दाखवू शकत होतं. न विचारता, आणि फुकट.

स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करणारे लॅरी पेज १९९६ साली नेमके या उलट्या बाजूच्या मागे लागले. कोणत्या पानाकडे कोण बोट दाखवतंय हे शोधायचं तर सगळं वेब पालथं घालून हिशेब उलटा मांडायला हवा. मार्च महिन्यात त्यांनी आपला क्रॉलर, म्हणजे लिंकांवरून पानोपान फिरणारा प्रोग्रॅम, सोडला, तोही स्वतःच्याच होमपेजपासून. प्रकल्पाचं नाव बॅकरब. गणितात मुरलेले सर्गेई ब्रिन त्यात आले, प्राध्यापकांपैकी टेरी विनोग्राड आणि राजीव मोटवानी मदतीला होते. मोटवानी जम्मूत जन्मलेले, कानपूर आयआयटीचे.

कल्पना नवी होती असं नाही. विद्वानांच्या जगात ती जुनीच. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये लेख लिहून सुचवलं होतं की शोधनिबंधांच्या तळटिपा उलट्या करून मांडाव्यात: कोणी कोणाचा आधार घेतला याची सूची करावी. त्यातून साठच्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ उभा राहिला. गारफील्ड यांनीही ही युक्ती अमेरिकेतल्या वकिलांकडून उचलली होती. जुन्या निकालाचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला हे दाखवणारी शेपर्डची सूची तिथले वकील १८७३ पासून वापरत होते. पुढे १९७६ मध्ये पिन्स्की आणि नारिन या दोघांनी एक पाऊल टाकलं. सगळे उल्लेख सारखे कसे मोजायचे? वजनदार नियतकालिकातला उल्लेख वजनदार धरला पाहिजे, हे त्यांनी गणितात बसवून दाखवलं.

पेज आणि ब्रिन यांना हे हवंच होतं, कारण त्या काळचं शोधणं म्हणजे कटकट होती. डिसेंबर १९९५ मध्ये निघालेलं अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन दणदणीत वेगाचं, पण पानावर शब्द किती वेळा आलाय यावर त्याची बरीचशी मदार. मग पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवणारे निघाले. ब्रिन आणि पेज यांनी आपल्या निबंधात एक गंमत नोंदवली आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या वेळच्या चार मोठ्या सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच स्वतःचं नाव टाकल्यावर स्वतःची साइट पहिल्या दहांत सापडत होती. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यावर विसंबलं की असं होणारच. दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पाहायला हवं होतं.

घरात लग्नाचं स्थळ आलं की जशी चौकशी होते, तसाच पेज आणि ब्रिन यांनी काढलेल्या पेजरँक या मापाचा हिशेब आहे. किती जणांनी चांगलं सांगितलं एवढ्यावर भागत नाही, कोणी सांगितलं तेही पाहिलं जातं. आणि जो मध्यस्थ दर मोसमात शंभर स्थळांची त्याच तोंडाने तारीफ करतो त्याच्या शब्दाला कुणी फारसं धरत नाही. प्रत्येक पानाला एक वजन असतं. ते वजन त्या पानावरच्या लिंकांत सारखं वाटलं जातं. समजा पानाचं वजन १०० आणि त्यावर ४ लिंका, तर प्रत्येकीच्या वाट्याला २५. त्याच पानावर ४०० लिंका असतील तर प्रत्येकीला जेमतेम पाव. शिवाय प्रत्येक टप्प्यावर त्याला ०.८५ ने गुणायचं. कारण मनात धरलेला वाचक शंभरपैकी ८५ वेळा समोरच्या लिंकांपैकी एकीवर क्लिक करतो आणि १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, असं गृहीत धरलं आहे.

यातली खरी मेख वेगळीच आहे. माझं वजन मला लिंक देणाऱ्यांच्या वजनावर ठरतं, त्यांचं त्यांना देणाऱ्यांच्या, आणि फिरून ते माझ्यावरही अवलंबून असू शकतं. सुरुवात कुठून करायची? सुरुवातीला सगळ्यांना सारखंच वजन द्यायचं, वाटप करायचं, आलेल्या आकड्यांवर पुन्हा वाटप करायचं, असं आकडे हलायचे थांबेपर्यंत करत राहायचं. ३२ कोटी २० लाख लिंकांचा पसारा साधारण ५२ फेऱ्यांत स्थिरावला, असं पेज, ब्रिन, मोटवानी आणि विनोग्राड यांनी लिहून ठेवलं आहे. एप्रिल १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या परिषदेत बॅकरबमधून आकाराला आलेल्या गूगल या इंजिनाची सगळी रचना मांडली गेली. तेव्हा त्यात २ कोटी ४० लाख पानं होती. पेजरँकचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर निघालं, त्याच्या परवान्यापोटी विद्यापीठाला गूगल कंपनीचे १८ लाख शेअर मिळाले आणि २००५ मध्ये ते ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकले गेले.

हाच विचार त्याच सुमारास इतरांच्याही डोक्यात घोळत होता, हे सहसा सांगितलं जात नाही. रॉबिन ली या चिनी अभियंत्याने अमेरिकेत नोकरी करताना १९९६ मध्ये लिंकांवर चालणारं रँकडेक्स हे सर्च इंजिन तयार केलं. पुढे २००० साली मायदेशी जाऊन त्यांनी बायदू हे चिनी सर्च इंजिन काढलं. जॉन क्लाइनबर्ग यांनी आयबीएमच्या अल्मडेन प्रयोगशाळेत पानांचे दोन प्रकार पाडले: ज्याला सगळे मानतात ते पान, आणि स्वतः फारसं काही न सांगता योग्य ठिकाणी धाडणारं पान. दोघंही एकमेकांच्या आधाराने मोठी होतात. या कल्पनेवर आयबीएममध्ये ‘क्लेव्हर’ नावाचा प्रकल्प चालला. त्यात काम केलेले सौमेन चक्रवर्ती १९९९ मध्ये पवईच्या आयआयटीत आले आणि वेबमधल्या लिंका खणून काढण्यावरचं त्यांचं पुस्तक तिथे शिकवता शिकवताच २००२ मध्ये निघालं. बंगळूरचे कृष्ण भारत आणि मोनिका हेन्झिंगर या जोडीने तर १९९८ मध्येच पुढच्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. एकाच साइटवरची शंभर पानं एकाच पानाकडे लिंक देत असतील तर ते शंभर जणांचं मत नव्हे, एकाच माणसाने शंभरदा केलेला घोष आहे. त्याला एक धरा, असा त्यांचा उपाय.

पेजरँकच्या निबंधात मात्र एक वाक्य आहे, ते आज वाचताना थांबायला होतं. कुणी महत्त्वाच्या साइटवर पैसे मोजून लिंक विकत घेऊ शकेल, ही शक्यता लेखकांना दिसली होती. पण त्याला पैसे पडतात, म्हणून ते आटोक्यात राहील, असं त्यांनी पुढे म्हटलं. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांचं सगळं रामायण या एका अंदाजात आहे. लिंकला पैसे पडतील हे बरोबर होतं. किती पडतील, हे चुकलं.

बाजार सुरू व्हायला बाजारभाव दिसावा लागतो. तो गूगलनेच दाखवला. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या गूगल टूलबारवर एक छोटी हिरवी पट्टी होती आणि ती समोरच्या पानाचा पेजरँक ० ते १० या मापात दाखवायची. वाचकाला पानाचा अंदाज यावा म्हणून ती सोय होती. वाचकांनी तिच्याकडे कितपत पाहिलं कुणास ठाऊक; साइटवाल्यांनी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. अमक्याची साइट सातची, तमक्याची चारची, अशी भाषा रूढ झाली. सातवाल्याने चारवाल्याला लिंक द्यायची तर फुकट का द्यावी?

ऑगस्ट २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या सर्चकिंग या कंपनीने या प्रश्नाचं उत्तर उघड्यावर दिलं. तिचे मालक बॉब मासा यांनी ‘पीआर ॲड नेटवर्क’ सुरू केलं; पीआर म्हणजे पेजरँक. ज्याला लिंक हवी तो पैसे देणार, ज्याची साइट भारी तो जागा देणार, मधली दलाली कंपनीची, आणि दर ठरणार गूगलच्या हिरव्या पट्टीवर. लपवाछपवी काहीच नव्हती. लवकरच सर्चकिंगचा स्वतःचा आकडा ८ वरून ४ वर आला आणि तिच्या गिऱ्हाइकांचेही घसरले. मासा यांनी ऑक्टोबरमध्ये गूगलवर खटला भरला: तुम्ही मुद्दाम आमचा धंदा बुडवलात. २७ मे २००३ रोजी तिथल्या फेडरल न्यायालयाने दावा काढून टाकला. पेजरँक हे गूगलचं मत आहे, मताला खरंखोटं नसतं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य अमेरिकी घटनेने दिलेलं आहे, असा निकालाचा आशय. गणिती, निःपक्षपाती म्हणून गाजलेला आकडा न्यायालयात ‘आमचं मत’ म्हणून वाचला, यातली गंमत त्या वेळीही अनेकांच्या लक्षात आली होती.

तोवर लिंकच्या दुसऱ्या ताकदीचाही शोध लागला होता. लिंक देताना आपण ज्या शब्दांना अधोरेखित करतो तो अँकर टेक्स्ट गूगल त्या लिंकच्या टोकाला असलेल्या पानाच्या खात्यावर टाकत असे. कल्पना हुशारीची होती, कारण पानाचं वर्णन पानापेक्षा त्याच्याकडे धाडणारे जास्त नेमकं करतात. पण लोक ‘इथे क्लिक करा’ असंही लिहितात. परिणामी गूगलवर इंग्रजीत ‘क्लिक हिअर’ शोधलं की पहिलं यायचं अडोबी रीडर डाउनलोड करायचं पान, कारण जगभरच्या साइटींनी पीडीएफ वाचण्यासाठी इथे क्लिक करा म्हणून त्याच पानाकडे धाडलेलं. हा निरुपद्रवी प्रकार झाला. २००१ मध्ये ॲडम मॅथेस यांनी मित्राची फिरकी घेण्यासाठी त्याच्या साइटला एका खवचट शब्दप्रयोगाने लिंका द्यायला लोकांना सांगितलं आणि या उद्योगाला ‘गूगल बॉम्बिंग’ हे नाव दिलं. २००३ च्या शेवटी ‘मिझरेबल फेल्युअर’ शोधलं की व्हाइट हाउसच्या साइटवरचं जॉर्ज बुश यांचं अधिकृत चरित्र पहिलं येऊ लागलं. त्या पानावर हे शब्द कुठेही नव्हते. बुश समर्थकांनी उलट फेक सुरू केली आणि मायकेल मूर, जिमी कार्टर यांची पानं खेचून वर आणली. गूगलने जानेवारी २००७ मध्ये हे बंद केलं. त्यानंतर काही महिन्यांतच व्हाइट हाउसच्या त्याच पानावर कुणीतरी सहज वाक्यात ‘फेल्युअर’ हा शब्द वापरला आणि ते पान त्या एका शब्दासाठी थोडा काळ पुन्हा वर आलं.

राजकीय चेष्टा बाजूला राहू द्या, व्यापाऱ्यांनी यातून धडा घेतला. लिंक नुसती असून भागत नाही, तीत आपल्याला हवा तो शब्द पाहिजे. ‘स्वस्त विमान तिकीट’ विकणाऱ्याला कंपनीच्या नावाची लिंक नको; ‘स्वस्त विमान तिकीट’ याच शब्दांची हवी. लिंकांच्या जाती पडल्या, आणि जातीप्रमाणे दर. मजकुरातली लिंक वरची, तळाच्या पट्टीतली खालची. गूगलचं एक पेटंट २००४ मध्ये दाखल झालं, २०१० मध्ये मंजूर झालं; त्यात पानावर लिंक कुठे आहे, केवढ्या अक्षरात आहे, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती, यावर तिचं वजन बदलावं असं मांडलं आहे. म्हणजे वाटप आता सारखं उरलं नव्हतं. तू मला दे, मी तुला देतो, ही अदलाबदलीची लिंक हलकी ठरली. एकट्या माणसाने पन्नास साइटी काढून त्यांच्यात गोल फिरवलेल्या लिंका, म्हणजे लिंक फार्म, तर पकडला की गेलाच.

सगळ्यात स्वस्त जात होती वाचकांच्या प्रतिक्रियांतली. प्रतिक्रियेच्या चौकटीत कुणीही लिंक टाकू शकत होतं, आणि जिथे माणूस टाकू शकतो तिथे प्रोग्रॅमही टाकू शकतो. औषधं, जुगार आणि कर्जं यांच्या लिंकांनी प्रतिक्रिया भरून वाहू लागल्या. पैसे पडतात म्हणून आटोक्यात राहील, असं ज्याबद्दल वाटलं होतं त्याची किंमत शून्याला टेकली होती. १८ जानेवारी २००५ रोजी गूगल, याहू आणि एमएसएन हे तिघे हाडवैरी एकत्र आले आणि त्यांनी ‘नोफॉलो’ जाहीर केलं. लिंकच्या कोडमध्ये हा एक शब्द घातला की सर्च इंजिन त्या लिंकला मत म्हणून धरणार नाही. गूगलच्या बाजूने मॅट कट्स आणि ब्लॉगर या सेवेचे जेसन शेलन यात होते. वाचकाला फरक दिसत नाही. लिंक चालते, क्लिक होतं, फक्त वजन जात नाही. एकाच दिसण्याच्या दोन लिंका, एक मोजली जाणारी आणि एक न मोजली जाणारी, असे वेबचे दोन भाग इथे पडले. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये बाहेर जाणाऱ्या सगळ्याच लिंकांना नोफॉलो लावून टाकलं.

प्रतिक्रियांत लिंका टाकणारे बॉट थांबले नाहीत. त्यांना फुकटच होतं, लागलं तर लागलं. आणि जिथे बॉट चालत नव्हते तिथे माणसं लागली. या सुमारास भारतात एक नवी नोकरी जन्माला आली. पुण्यामुंबईतही ‘एसईओ एक्झिक्युटिव्ह’ म्हणून, म्हणजे साइटी शोधात वर चढवण्याच्या कामावर, रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘ऑफ-पेज’ हा शब्द कळायचा. म्हणजे साइटला हात न लावता बाहेर करायचं काम. समोर एक्सेलची फाइल. रकाने ठरलेले: साइटचा पत्ता, तिचा पीआर, अँकर टेक्स्ट, तारीख, स्टेटस. कुणी न वाचणाऱ्या डिरेक्टऱ्यांत अमेरिकेतल्या कुठल्याशा नळदुरुस्तीवाल्याचं नाव भरायचं, कॅप्चा सोडवायचा, खालच्या ओळीवर जायचं. तोच लेख शब्द इकडेतिकडे करून डझनभर ठिकाणी चढवायचा. स्टॅनफर्डच्या निबंधाने गृहीत धरलेला वाचक, जो आवडलं म्हणून लिंक देतो, तो या फाइलीत कुठेच नव्हता.

२०१० च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्क टाइम्समध्ये एक चमत्कारिक बातमी आली. ब्रुकलिनमधून चालणारी डेकोर माय आइज ही चष्म्यांची साइट गिऱ्हाइकांना शिव्या देते, धमकावते, आणि मालक म्हणतो की लोक जितक्या तक्रारी लिहितात तितका मी गूगलवर वर चढतो. मतपेटीत शिव्यांचंही मत पडतं, असा त्याचा दावा. गूगलने काही दिवसांतच दुरुस्ती केली आणि सोबत खुलासा केला की तक्रारींच्या साइटवरच्या लिंका बहुतेक नोफॉलो होत्या. खऱ्या वजनदार लिंका मिळाल्या होत्या त्या त्याच्याविषयी लिहिणाऱ्या टाइम्स आणि ब्लूमबर्गसारख्या नामांकित वृत्तसंस्थांकडून.

तीन महिन्यांनी त्याच वार्ताहराने, डेव्हिड सीगल यांनी, मोठा मासा धरला. जे. सी. पेनी हे अमेरिकेतलं तेव्हा ११०० हून अधिक दुकानांचं जुनं नाव. २०१० च्या सणासुदीत गूगलवर काहीही शोधा, पेनी पहिली. कपडे, पलंगपोस, सतरंज्या, दिवाणखान्याचं फर्निचर. ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ शोधलं तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर. सीगल यांनी डग पिअर्स या जाणकाराला मागचे दोर शोधायला सांगितलं. पेनीकडे बोट दाखवणारी २०१५ पानं निघाली, आणि ‘इव्हिनिंग ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ असे नेमके मोक्याचे शब्द त्या लिंकांत पेरलेले. पानं कसली? एक अणुअभियांत्रिकीचं, एक बल्गेरियातल्या घरजमिनीचं, एक जुगाराचं. शिवाय घोरणं, मासेमारी, दंतवैद्य. बरीचशी ओस पडलेली, ज्यांच्यावर लिंकांशिवाय काही उरलं नव्हतं. अणुभट्टीवर वाचायला आलेल्या माणसाला तिथे फ्रॉक कशाला सापडावा, हा प्रश्न यंत्राला पडला नव्हता.

वर्तमानपत्राने पुरावा गूगलपुढे ठेवला. मॅट कट्स यांनी कबूल केलं की या साइटने यापूर्वी तीनदा नियम मोडल्याचं त्यांच्या नोंदीत होतं. फेब्रुवारी २०११ मधल्या एका बुधवारी संध्याकाळी ७ वाजता पेनी ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’साठी पहिली होती. ९ वाजता ७१ वी. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’साठी पहिलीची ६८ वी. सीगल यांनी नजर ठेवलेल्या ५९ शब्दांत तिचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता, ८ तारखेला ४ आणि १० तारखेला ५२. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या सर्च सल्लागारांना काढून टाकलं. या प्रकरणात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे की यंत्राने पेनीला पकडलं नाही; बातमीने पकडलं. लिंक प्रामाणिक आहे की नाही हे अजून माणूसच माणसाला विचारत होता.

त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक ही कंपनी सापडली. शैक्षणिक साइटींवरच्या लिंकांना बाजारात मान होता, म्हणून तिने विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना १० टक्के सूट देऊ केली. बदल्यात विद्यापीठाच्या पानावर तिच्या मालाच्या लिंका. ज्या विद्यापीठी तळटिपांवरून ही सारी कल्पना निघाली, त्यांच्याच पानांवर पलंग आणि व्हॅक्यूम क्लीनर येऊन बसले.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने जी नवी गाळणी लावली तिचं नाव पेंग्विन. इंग्रजीतल्या ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाला, असं गूगलनेच सांगितलं. आकडा बारीक वाटतो, पण ज्यांची साइट त्या तीन टक्क्यांत होती त्यांचं दुकान एका रात्रीत बंद पडल्यासारखं झालं. पेंग्विन अँकर टेक्स्टचा तोल पाहायचा. खऱ्या साइटला मिळणाऱ्या लिंका अस्ताव्यस्त असतात: कुठे कंपनीचं नाव, कुठे नुसता पत्ता, कुठे ‘इथे पाहा’. शंभरातल्या साठ लिंका ‘स्वस्त विमान तिकीट’ म्हणत असतील तर त्या कुणीतरी बसून केलेल्या आहेत, हे समजायला मोठी बुद्धी लागत नाही. आतापर्यंत यंत्राला अशी लिंक सापडली तर बहुतेक तिचं वजनच जायचं. पेंग्विनने साइटलाच खाली ढकललं.

आणि बाजार उलटा फिरला. ज्यांनी लिंका मिळवण्यासाठी पैसे ओतले तेच आता त्या काढून टाका म्हणून विनवण्या करू लागले. काही डिरेक्टऱ्यांनी काढून टाकण्याचेही पैसे लावले. येताना दर, जाताना दर! शिवाय नवी भीती: दुसऱ्याच्या साइटवर मुद्दाम घाणेरड्या लिंकांचा मारा करून त्याला बुडवता येईल का? गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये नकारपत्राची सोय दिली; नको असलेल्या लिंकांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत भरून पाठवायची, म्हणजे त्या तुमच्या नावे धरल्या जाणार नाहीत. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच क्रोम ब्राउझरच्या प्रचारात पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात नोफॉलोविना लिंक सापडली होती, आणि गूगलला आपल्याच क्रोमच्या पानाला खाली ढकलावं लागलं होतं.

ब्रिटनमधली फुलवाली इंटरफ्लोरा २०१३ च्या फेब्रुवारीत गायब झाली, तिथल्या मातृदिनाच्या तोंडावर. तिने प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटींवर बातमीसारखा दिसणारा जाहिरातवजा मजकूर लिंकांसकट छापून घेतला होता. ११ दिवस स्वतःचं नाव टाकूनही ती सापडत नव्हती, आणि त्या वृत्तपत्रांच्या साइटींचाही आकडा उतरवला गेला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी रॅप जीनियस ही गाण्यांच्या शब्दांची साइट अशीच गेली. जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या लिंका द्या, तुमच्या लेखाचा गाजावाजा आम्ही ट्विटरवर करू, असा सौदा तिने मांडला होता. दहा दिवसांत ती परत आली. छोट्या साइटवाल्यांना दहा दिवसांत परत येणं जमलं नव्हतं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

मॉस्कोत यांडेक्स या रशियन सर्च इंजिनाने त्याहून टोकाचा प्रयोग केला. लिंका विकत घेणं रशियात इतकं राजरोस झालं होतं की मार्च २०१४ पासून मॉस्को परिसरातल्या व्यापारी शोधांसाठी यांडेक्सने लिंका मोजणंच बंद केलं. रोगाचं मूळच उपटलं, म्हणाना. वर्ष-सव्वा वर्षात लिंका पुन्हा हिशेबात आल्या, या वेळी सोबत मिनुसिन्स्क नावाची शिक्षा घेऊन: जो विकत घेईल तो खाली जाईल.

गूगलने सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची नखं थोडी कापली. तेव्हापासून तो साइटला ढकलण्यापेक्षा वाईट लिंककडे दुर्लक्ष करू लागला आणि सतत चालू राहू लागला. हिरव्या पट्टीचा आकडा दाखवणंही त्याच वर्षी कायमचं बंद झालं. पेजरँक आत वापरात राहिला. बाजारातला फळा तेवढा पुसला. फळा पुसल्यावर खाजगी कंपन्यांनी आपापले अधिकारांक काढले आणि धंदा त्यांच्यावर सुरू राहिला.

नोफॉलोचं मात्र भलतंच झालं. दंडाच्या भीतीने मोठमोठ्या वृत्तपत्रांनी बाहेर जाणाऱ्या सरसकट सगळ्या लिंकांना तो लावून टाकला. विकिपीडियाचा आधीच होता. म्हणजे ज्या लिंका संपादक विचार करून, कुणाकडून दमडी न घेता देत होते त्याच मोजणीतून बाहेर पडल्या, आणि विकत घेतलेल्यांतल्या पुष्कळ साध्या वेषात आत राहिल्या. १० सप्टेंबर २०१९ रोजी गूगलने जाहीर केलं की यापुढे पैशाच्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकला ‘यूजीसी’ असे वेगळे शिक्के असतील. आणि नोफॉलो हा आता हुकूम नव्हे, फक्त इशारा. पाळायचा की नाही ते यंत्र ठरवेल. पानं शोधताना आणि नोंदवताना हा बदल १ मार्च २०२० पासून लागू झाला.

दरपत्रकं अजून येतात. कुठल्याही बऱ्यापैकी साइटच्या संपादकीय पत्त्यावर आठवड्याला दोनचार तरी: आमचा दर्जेदार लेख छापा, त्यात एक लिंक असेल, तुमचा दर कळवा. एचटीएमएलमध्ये ‘डूफॉलो’ नावाची चीजच नाही, शिक्का नसलेली साधी लिंक म्हणजेच ती. तरी तिचा दर वेगळा लावलेला असतो, नोफॉलोचा वेगळा, आणि लिंक कायमची हवी असेल तर त्याचा आणखी वेगळा.